भावावर बांधलेला बंगला

आमचा बंगला खुलताबादच्या वाटेवर एकाच दिवसात पडला. सुदैवानं कुणाला लागलं नाही. मला लागलं, पण ते आतून. सकाळी घरून निघालो तेव्हा त्याला अकरा खोल्या होत्या, मागं आवळ्याची झाडं होती आणि गच्चीवरून दौलताबादचा किल्ला दिसत होता. बंगला कुठं आहे असं कुणी विचारलं की मी 'म्हैसमाळच्या अलीकडं' असं मोघम सांगत असे. आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. तो 'आलोच' नावाच्या कंपनीच्या शेअरच्या भावावर बांधलेला होता.

'आलोच' ही इंटरनेटवरची कंपनी. मोबाइलवर बोट दाबलं की दहा मिनिटांत कोथिंबिरीची जुडी दारात, हा तिचा धंदा. आमच्या सिडकोत ती अजून पोचलेली नाही. बोट दाबलं की 'आपल्या भागात लवकरच' एवढंच येतं. आम्ही कोथिंबीर कोपऱ्यावरच्या वच्छलाबाईंकडून घेतो आणि शेअर 'आलोच'चे घेतो. यात काही विसंगती आहे असं मला तेव्हा वाटलं नाही.

कंपनीला दर जुडीमागं तोटा होतो, असं एकदा पेपरात आलं. मी पेपर घेऊन वर बद्रीनाथांकडे गेलो. बद्रीनाथ जिल्हा परिषदेतून निवृत्त झाले आहेत आणि आमच्या बरोब्बर डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतात. सल्ला द्यायला त्यांना फक्त एक मजला उतरावा लागतो. मला 'आलोच' घ्यायला त्यांनीच सांगितलं होतं.

"तोटा हाय म्हणूनच तर भाव वर चाललाय, लक्ष्मणराव," ते म्हणाले. "नफा दिसला की लोक मोजायला बसत्यात. तोट्याला मोजमाप नसतंय. आराम से बसा. इकायची घाई करू नका."

मला हे पटलं. आयुष्यात मला ज्या गोष्टी कळल्या नाहीत त्या सगळ्या चटकन पटलेल्या आहेत.

शेअर माझ्या नावावर असले तरी पैसे प्रमोदिनीचे होते, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचे. दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेऊन, अनारशांच्या पिठात कोपरापर्यंत हात घालून तिनं ते जमवले होते. तिला एकच गोष्ट हवी होती, बंगई. चार साखळ्यांवर टांगलेली सागाची रुंद फळी, अशी बंगई तिच्या लहानपणी शेजाऱ्यांकडं होती. तिच्यावर बसायला रांग लागायची आणि चार झोके झाले की शेजारीण "ऊठ आता" म्हणायची. जिच्यावरून कुणी उठवणार नाही अशी बंगई तिला हवी होती. "तुमच्या त्या शेअरांतून तेवढं झालं तरी बास," असं म्हणून तिनं पैसे माझ्या हातात दिले.

म्हणून पहिल्यांदा भाव वाढला तेव्हा मी मनात बंगईच टांगली. पण बंगई टांगायला व्हरांडा लागतो. पुढच्या वाढीला व्हरांडा बांधला. व्हरांड्याच्या मागं घर नको का? तेही झालं. त्यानंतर भाव असा काही सुटला की मला गवंड्यांना उसंत देता येईना. चितेगावच्या कारखान्यात मी स्टोअर्स सांभाळतो. सकाळी कंपनीची बस पैठण रस्त्याला लागली की मी डोळे मिटायचो आणि चितेगाव येईपर्यंत एखादी खोली सहज उभी राहायची. किती पैसे झाले ते मी कुणाला सांगत नाही. खोल्यांत सांगतो. पावसाळ्याच्या तोंडाशी सहा होत्या, नवरात्रात नऊ झाल्या. नववी माझी अभ्यासिका. तिच्या खिडकीतून सकाळचं धुकं आत येई आणि टेबलावरच्या कागदांवर बसे. ते झटकावं की राहू द्यावं, या विचारात चितेगावला सगळे उतरले तरी मी दोनदा बसमध्येच बसून राहिलो.

बसमध्ये शेजारी बसणारा इंद्रजीत नावाचा तरुण इंजिनियर म्हणाला, "काका, ही निव्वळ हवा आहे. कमाईच नाही तर किंमत कशाच्या आधारावर काढायची? चौपट महाग आहे हा शेअर. विका आणि मोकळे व्हा." मी दिवसभर हादरलेलो होतो. पुढच्या आठवड्यात भाव आणखी वाढला आणि इंद्रजीतनं स्वतःच 'आलोच' घेतला. विचारलं तर म्हणाला, "महाग आहेच काका. पण अजून महाग होणार आहे."

एकूण काय, शेअर महाग आहे याबद्दल कुणाचाच मतभेद नव्हता. फक्त विकायचा कधी, हे कुणाला माहीत नव्हतं. मला तर विकायचं नावही नको होतं. विकला की खोल्या मोजून तेवढ्याच राहणार. बारावी खोली मग कधीच होणार नाही. जी खोली अजून सुचलेलीसुद्धा नाही, तिच्यासाठी माझा जीव तुटायचा.

शेवटी प्रमोदिनीनं हा प्रश्न तिच्या पद्धतीनं सोडवला. एका शनिवारी ती खुलताबादला भद्रा मारुतीच्या दर्शनाला गेली आणि नवस बोलून आली. "मी आकडा सांगून आलेय," तिनं चप्पल काढता काढता सांगितलं. "भाव तिथं पोचला की आपण दोघांनी घरून पायी दर्शनाला जायचं. मग विकायचं. आणि नवस फेडल्याशिवाय त्या पैशाला हात लावायचा नाही."

बद्रीनाथांना हे फार आवडलं. "वहिनींनी देवाकडं ऑर्डरच लावली की," ते म्हणाले.

मला एकच शंका होती. भद्रा मारुती निजलेला आहे. मारुती इतर ठिकाणी उभा असतो, उडत असतो, डोंगर उचलत असतो. इथं तो आडवा, शांत पहुडलेला. निजलेल्या देवाला बाजारभाव सांगून ठेवणं कितपत सुरक्षित, असं मी विचारलं. तिनं माझ्याकडं असं काही पाहिलं की मी माझ्या अभ्यासिकेत निघून गेलो.

देव निजलेला असला तरी कामाला पक्का निघाला. दिवाळीनंतर एका बुधवारी बाजार बंद होता होता 'आलोच'नं नेमका तो आकडा गाठला. बद्रीनाथ जिना उतरून ओरडत आले. इतर कुठल्याही घरात दुसऱ्या दिवशी सकाळी बाजार उघडताच शेअर विकले गेले असते. आमच्या घरात दुसऱ्या दिवशी पहाटे दोन माणसं कापडी बूट घालून खुलताबादला चालायला लागली.

मिटमिट्यापर्यंत मजा आली. थंडी होती, रस्त्याकडेच्या शेतांवर धूर पसरल्यासारखं धुकं होतं, आणि कितीतरी वर्षांनी आम्ही दोघं शेजारी शेजारी चालत होतो. मी तिला बंगला दाखवत चाललो होतो. ती "हं" म्हणत होती. शरणापूरच्या फाट्यावर बाजार उघडला. भाव आणखी वर! मी रस्त्याच्या कडेलाच थांबून योगासनांसाठी बारावी खोली काढली.

"तुम्ही कधी केलीत योगासनं?" तिनं विचारलं.

"जागेअभावी राहिली," मी म्हणालो.

दौलताबादच्या अलीकडं चहाला टेकलो तेव्हा बद्रीनाथांचा फोन आला. आवाज पडलेला होता. "लक्ष्मणराव, घसरायलाय."

"का? काय झालं?"

"घात झाला. कंपनीला नफा झाला."

"मग?"

"मग काय? पहिल्यांदाच नफा झाला अन् तो बी एवढासा. आजवर लोकांनी मनात केवढा धरला होता! आता आकडा दिसला. मोजायला बसले ना सगळे."

मी चहा तसाच ठेवला आणि मोबाइल काढला. प्रमोदिनीनं माझ्या मनगटावर हात ठेवला. "दर्शन झाल्याशिवाय नाही."

"अगं, मग निदान जीप करू. दर्शन लवकर होईल."

"पायी म्हणजे पायी."

देवाला यातलं काही कळत नाही, तो मुळात झोपलेला आहे, हे सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. पण पैसे तिचे होते, नवस तिचा होता आणि चहाचे पैसेही तीच देत होती. मी उठलो.

रस्त्यावरच असलेल्या किल्ल्याच्या जुन्या दरवाजातून बाहेर पडून घाट चढायला लागलो आणि बंगला उतरायला लागला. मधूनमधून रेंज यायची, तेवढ्यात भाव दिसायचा आणि मला काहीतरी पाडावं लागायचं. योगासनांची खोली पहिल्याच वळणावर गेली. दुसऱ्या वळणावर पाहुण्यांची. आवळे गेले. गच्ची गेली, तिच्याबरोबर गच्चीवरून दिसणारा किल्लाही गेला. तो तिकडं मागं खरोखरचा उभा होता, पण मला वळून पाहवेना. मनातल्या मनात हिशोब करण्याची मला सवय नाही. कारखान्यात मी माल मोजताना मोठ्यानं बोलतो. त्यामुळं घाटातही मी बहुधा मोठ्यानंच म्हणालो, "व्हरांडा अन् बंगई काढून टाकली तर अभ्यासिका वाचते."

पावलांचा एक आवाज थांबला.

"काय काढून टाकलं?" प्रमोदिनी मागं उभी होती.

"तात्पुरतं," मी म्हणालो.

"अभ्यासिका कुणाची?"

"माझी."

"कसला अभ्यास करता तुम्ही?"

कितीही आठवलं तरी मला एकही विषय सांगता आला नाही. त्या खोलीत मी नुसता धुक्याकडं बघत बसायचो. तिनं पदर खोचला आणि मला ओलांडून पुढं चालायला लागली. मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून लाज वाटली. ज्या फळीसाठी सगळं सुरू झालं, तीच मी काढायला निघालो होतो. मी तिच्या मागं धावणार, इतक्यात कडेच्या उतारावरून मेंढरं रस्त्यावर आली आणि आमच्या दोघांच्या मध्ये पसरली.

मेंढरांमागं कडूबा होता. नाव त्यानंच सांगितलं, मी विचारायच्या आधी. "पायी निघालासा? नवस व्हय?"

"हो." माणूस अडचणीत असला की त्याला वाटतं, अशा रानातल्या माणसाकडं एखादं शहाणपणाचं वाक्य असेल. मी विचारलं, "काय हो, मेंढरू कधी विकायचं हे तुम्हाला कसं कळतं?"

कडूबानं लांबवर बघितलं. मी कान टवकारले.

"म्या कुठं इकतो?" तो म्हणाला. "मेंढरं पाव्हण्याची हायेत. त्यो इकतो, म्या निस्तं चारतो. तंबाखू हाय का?"

माझ्याकडं तंबाखू नव्हती. त्याच्याकडं वाक्य नव्हतं. मेंढरांनी सावकाश रस्ता सोडला तोवर प्रमोदिनी वळणापलीकडं दिसेनाशी झाली होती.

खुलताबादला पोचलो तेव्हा ती देवळाच्या नळावर पाय धूत होती. तिनं रुईच्या पानांची एक माळ माझ्या हातात दिली. आत मारुती निजलेलाच होता. अंगावर शेंदूर, चेहऱ्यावर कसलीही काळजी नाही. बाजार बंद व्हायला जेमतेम पाव तास उरला होता आणि ती डोळे मिटून हात जोडून उभी. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर. मला त्या देवाचा हेवा वाटला. त्याला कधीच काही विकायचं नव्हतं.

बाहेर येऊन ती पायरीवर बसली. "आता विका," ती म्हणाली. "बंगई धरून विका."

मी बटण दाबलं. मोबाइल म्हणाला, 'आपण प्रथमच विक्री करत आहात. कृपया चेहरा दाखवा.' मी चेहरा दाखवला. मोबाइल म्हणाला, 'कृपया डोळे उघडा.'

इथं मला आमच्या घराण्याबद्दल थोडं बोलायला हवं. आमच्यात सगळ्यांचेच डोळे अर्धे मिटलेले असतात. आजोबा देवगाव रंगारीला पूजा सांगत. जप करून करून त्यांचे तसे झाले असावेत, आणि पुढच्या पिढ्यांना वारशात तेवढंच आलं. खातं उघडतानासुद्धा मोबाइलनं मला असंच सतावलं होतं. तेव्हा बद्रीनाथांनी कानाशी ताट वाजवलं म्हणून माझे डोळे विस्फारले होते आणि काम झालं होतं. इथं ताट नव्हतं.

'कृपया डोळे उघडा.'

"उघडेच आहेत!" मी मोबाइलवर ओरडलो. दोन बायका दर्शन सोडून थांबल्या. हारवाल्या बाईनं प्रमोदिनीला विचारलं, "डोळं आलेत का वं त्यांचं?" एका गृहस्थानं तोंडावर पाणी मारायचा सल्ला दिला आणि दुसऱ्यानं रुमालाची गुंडाळी फुंकून पापणीला लावायचा. पन्नाशी उलटलेल्या, स्वतःच्या पैशावर जगणाऱ्या माणसाला भर देवळाच्या पायरीवर जागेपणा सिद्ध करावा लागावा, याचं मला रडू यायला लागलं. त्यानं डोळे आणखी मिटले.

"इकडं करा तोंड," प्रमोदिनी म्हणाली. तिनं अंगठा आणि बोट लावून माझ्या दोन्ही पापण्या वर ओढल्या.

'चौकटीत एकच व्यक्ती असावी,' मोबाइल म्हणाला.

ती उठून माझ्या पाठीमागं, वरच्या पायरीवर गेली. माझं डोकं तिनं गुडघ्यांना टेकवलं आणि मागून नुसती बोटं पुढं आणून पापण्या ताणल्या. फराळाच्या दिवसांत तळण करून करून तिच्या बोटांना जो राकटपणा आलेला होता तो मला त्या दिवशी पहिल्यांदा कळला. "आता तरी उघडा हो," ती वरून म्हणाली. आवाजात राग नव्हता, थकवा होता. मी जन्मात उघडले नव्हते एवढे डोळे उघडले. समोर मोबाइल, त्यामागं हारवाली बाई, तिच्यामागं खुलताबादचं स्वच्छ दुपारचं आभाळ. धुकं कुठंच नव्हतं.

'ओळख पटली,' मोबाइल म्हणाला. विक्री झाली आणि बाजार बंद झाला.

"किती उरलं?" तिनं विचारलं.

"बंगई," मी म्हणालो. "साखळ्यांसकट. आणि परतीची बस."

ती खाली येऊन शेजारी बसली आणि तिनं पिशवीतून दशम्या काढल्या. परतताना बस घाट उतरत होती. मी खिडकीतून बाहेर बघत होतो, माझी एकएक खोली जिथं पडली ती वळणं मागं जात होती. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती.

बंगई आणणं सोपं होतं, टांगणं नव्हतं. व्हरांडा नसल्यामुळं ती हॉलमध्येच येणार होती, आणि हॉलच्या छतात हुक मारायचे म्हणजे बद्रीनाथांच्या फरशीखाली भोकं पाडायची. सोसायटीच्या सचिवांनी आधी बंगई हे सामान की बांधकाम, यावर सभा बोलावली. सभेत कुणीतरी ती वाहनात मोडते असंही म्हणालं. शेवटी वरच्या मजल्याचं ना-हरकत पत्र आणा असं ठरलं. बद्रीनाथांनी त्यांचे शेअर काही विकले नव्हते, त्यामुळं ते जरा मऊ झालेले होते. रोज दुपारी घटकाभर आपल्यालाही बसू द्यावं, एवढ्या अटीवर त्यांनी सही दिली. सोफा पुतण्याकडं गेला. हॉलमध्ये आता बंगईशिवाय काही मावत नाही. पाहुणे आले की भिंतीला पाठ लावून उभे राहतात.

परवा रविवारी दुपारी प्रमोदिनी बंगईवर पाय सोडून बसली होती. मी खाली सतरंजीवर बसून हातानं हळूहळू झोका देत होतो. बद्रीनाथ त्यांच्या घटकेला आले तेच मोबाइल नाचवत. 'आलोच' पुन्हा सुटला होता. आमच्या नवसाचा आकडा त्यानं शुक्रवारीच ओलांडला होता.

"वहिनी, उगं इकलंत बघा! लई वर गेला. आता तुमचा बंगलाच झाला असता."

तिनं डोळे उघडले नाहीत. "हळू बोला भाऊजी," ती म्हणाली, "झोका मोडतो." आणि ती उठलीही नाही. तिला उठवायचा धीर बद्रीनाथांना झाला नाही. अट तशीच राहिली आणि ते भिंतीला टेकून थोडा वेळ उभे राहून वर गेले.

खोलीत साखळ्यांचा बारीक आवाज येत होता. दुपारचं ऊन फळीवर येत होतं, जात होतं. शेअर नव्हते, काही नव्हतं, पण भाव कानावर पडला होता. माझ्या पापण्या खाली आल्या, आणि म्हैसमाळच्या अलीकडं कुठंतरी विटांचा ढीग पडल्यासारखं वाटलं.

"किती खोल्या झाल्या?" वरून प्रमोदिनीनं विचारलं.

मी दचकलो. "दोनच."

"माझी बंगई कुठंय?"

"तू बसलीयेस ना तिच्यावर."

तिनं पायानं जमिनीला हलकासा रेटा दिला.

"मग बांधा," ती म्हणाली, "बाकीचं खुशाल बांधा."